कोकणात कुटुंबासह स्थायिक होणे आणि शिकारीची हौस: एका वकिलाचे सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एक कुटुंब, म्हणजे नवरा, बायको, सातवीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली आई, कोकण किनाऱ्यावरील एखाद्या लहान गावी कायमचे राहायला जाण्याच्या विचारात आहे. नवऱ्याचे काम संगणकावरचे असल्यामुळे ते कोठूनही करता येते. नुकत्याच वारलेल्या वडिलांच्या नावे परवाना असलेली बारा बोअरची बंदूक घरात आहे, दोन कुत्री आहेत, आणि वडिलांकडून ऐकलेल्या रानडुकराच्या पारधीच्या गोष्टी मनात घर करून आहेत. शाळा आणि दवाखाना बरा असेल, थोडी शेतजमीन घेता येईल आणि शिकार चांगली मिळेल, असे गाव कोणते, अशी त्यांची विचारणा आहे.

मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत दिवाणी व महसुली वकिली करतो, वन्यजीव कायद्याखालचे खटलेही चालवतो आणि सवड मिळेल तेव्हा खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, बसतो. त्यामुळे या प्रश्नाच्या बहुतेक बाजूंशी माझा रोजचा संबंध येतो. उत्तराची सुरुवात मात्र शेवटच्या अटीपासून करावी लागेल, कारण ती अट बाजूला काढल्याशिवाय गावाची निवड नीट होणारच नाही.

कायदेशीर शिकार मिळेल असे कोकणात एकही गाव नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 9 ने अनुसूचीत नोंदलेल्या प्राण्यांच्या शिकारीला बंदी घातलेली आहे. काही देशांत हंगाम ठरवून, शुल्क घेऊन आणि किती जनावरे मारायची याची मर्यादा घालून हौशी लोकांना शिकार करू देतात. तशी कोणतीही व्यवस्था भारतात नाही, त्यामुळे 'परवाना कोठे मिळतो' हा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय कायद्याच्या दृष्टीने शिकार केवळ गोळी झाडण्यापुरती नसते. फासकी लावणे, विष घालणे, आमिष ठेवणे, हाकारा करून जनावर उठवणे, पक्ष्यांची अंडी काढणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सारे तिच्यात येते. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि अनुसूचींची नव्याने मांडणी झाली. त्या मांडणीत बिबट्या, गवा, खवले मांजर आणि घोरपड पहिल्या अनुसूचीत आहेत, तर रानडुक्कर आणि ससा दुसऱ्या अनुसूचीत आहेत. सर्वसाधारण गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत किमान 3 वर्षांची कैद असून ती 7 वर्षांपर्यंत वाढू शकते.

हे सारे ठाऊक असूनही शिकार होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. काही गावांत सणाच्या निमित्ताने पारधीला जाण्याची जुनी चाल होती, आणि आजही रात्री गाडीच्या उजेडात रानात फिरणारे लोक भेटतात. नव्याने राहायला आलेल्या माणसाला, विशेषतः त्याच्याकडे चारचाकी आणि बंदूक असल्यास, 'एकदा चला आमच्याबरोबर' असे आमंत्रण लवकरच येते. ते स्वीकारू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गुन्ह्यात वापरलेले वाहन आणि हत्यार जप्त होऊन ते शासनाच्या मालकीचे ठरू शकते. मटणाचा वाटा घरी आलेला असला, तर बंदूक कोणी चालवली हा मुद्दा गौण ठरतो, कारण ते मांस जवळ बाळगणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. गावातल्या लोकांच्या ओळखी जुन्या असतात, त्यांना जामीनदार लगेच मिळतो. बाहेरून आलेल्या नोकरदाराला मात्र पारपत्र, नोकरी आणि मुलांची शाळा सांभाळत तालुक्याच्या न्यायालयात तारखा कराव्या लागतात. कायद्याखेरीज जिवाचाही प्रश्न आहे. अंधारात हाकाऱ्याच्या गडबडीत माणसालाच जनावर समजून गोळी लागल्याचे प्रकार कोकणात घडलेले आहेत. डुकरासाठी पेरलेल्या गावठी बॉम्बने गुरांचे जबडे फाटतात, आणि डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकला की साऱ्या गावाची चौकशी होते.

मग गावांत बंदुका कशा दिसतात, असे तुम्ही विचाराल. ते शेती संरक्षणाचे परवाने आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ बंदुका ठासणीच्या आहेत. परवान्यामुळे बंदूक बाळगण्याचा अधिकार मिळतो, डुक्कर मारण्याचा मिळत नाही. उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या दुसऱ्या अनुसूचीतील जनावराला मारण्यासाठी कलम 11 खाली प्राधिकृत वनाधिकाऱ्याचा सकारण लेखी आदेश लागतो, आणि मारलेले जनावर शासनाची मालमत्ता असते. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतले असता सद्भावनेने केलेल्या बचावाला कायद्यात संरक्षण आहे, पण ते भाताच्या लोंब्या किंवा काजूची बाग वाचवण्याला लागू होत नाही. एखाद्या राज्याच्या विनंतीवरून केंद्र सरकार एखादा प्राणी ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी घोषित करू शकते. 2015 आणि 2016 मध्ये बिहारात नीलगाय व रानडुक्कर आणि उत्तराखंडात रानडुक्कर यांच्याबाबत असे झाले होते. त्या बातम्यांचा दाखला कोकणात देऊन काही उपयोग नाही.

तुमच्या घरातील बंदुकीबाबत थोडी घाई करावी लागेल. परवाना वडिलांच्या नावे होता आणि ते हयात नाहीत, म्हणजे आज ती बंदूक परवान्याविना घरात आहे. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, आणि वारस म्हणून स्वतःच्या नावे परवाना हवा असल्यास त्यानंतर रीतसर अर्ज करावा. हे काम पुण्यातच पूर्ण करावे, कारण स्थलांतरानंतर जिल्हा बदलतो आणि कागद दोन जिल्ह्यांत फिरू लागतात. आणखी एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते. वन्यजीव अधिनियमाच्या कलम 34 प्रमाणे अभयारण्याच्या 10 किलोमीटर परिसरात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्रपरवाना देता येत नाही, आणि कलम 31 प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल टाकता येत नाही. मुरूडजवळचे फणसाड हे मूळचे जंजिरा संस्थानाचे शिकारीचे राखीव जंगल होते आणि 1986 साली ते अभयारण्य झाले. कलमात नुसता 'अभयारण्य' असा शब्द असल्यामुळे 1987 चे मालवण सागरी अभयारण्यही त्या कलमाबाहेर जात नाही. बंदूक केवळ वडिलांची आठवण म्हणून ठेवायची असेल, तर मला विचाराल तर ती परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकून मोकळे व्हावे. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करा, परत आणा, या चक्रातून सुटका होते.

आता हौसेचे काय करायचे? माझ्या अनुभवात शिकारीची ओढ असलेल्या माणसाला मारण्यापेक्षा वाट पाहणे, माग काढणे, वारा आणि पाणी ओळखणे यांची ओढ अधिक असते. तसे असेल तर कोकणात तुमची निराशा होणार नाही. खाडीच्या तोंडाशी, जेटीवर किंवा खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकावर, बसून गरवणे हा येथील घरोघरचा उद्योग आहे. तांबोशी, गोब्रा, शेवटे, आणि रायगडाकडे जिताडा, हे मासे गरीला लागतात; मात्र कोणता मासा कोणत्या आमिषाला, भरतीच्या कोणत्या टप्प्याला आणि पाण्याच्या कोणत्या रंगाला येतो, हे शिकायला माणसाची काही वर्षे सहज जातात. जिवंत कोळंबी आणि मोबाईलवरचे भरतीचे कोष्टक एवढ्यावर सुरुवात करता येते, पण कोष्टकाशिवायही काम चालते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी पूर्ण भरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी. उधाणाच्या दिवशी अनोळखी खडपावर जाऊ नये, आणि समुद्राकडे पाठ करून तर कधीच बसू नये. सुट्टीत आलेली माणसे लाटेने ओढली जाण्याचे प्रकार दरवर्षी होतात आणि त्यांत पट्टीचे पोहणारेही असतात.

पाग, म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे, टाकायला शिकायचे असेल तर एखाद्या जाणत्याबरोबर ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उभे राहावे. पाग हवेत गोल उघडायला लागेपर्यंत खांदे भरून येतात, पण मुलेही हे लवकर शिकतात. पहिल्या पावसात ओढ्यांना पाणी आले की चढणीचे मासे पकडायला सारे गाव बाहेर पडते, आणि ओहोटीला खाडीत तिसऱ्या-मुळे हे शिंपले काढायला बायका जातात. तुमच्या आईंना आणि मुलीला या उद्योगात जे मिळेल ते मचाणावर मिळाले नसते. नियम येथेही आहेत. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे 1897 च्या मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे. यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै अशी पावसाळी बंदी असते, आणि त्या काळात कोणी 'गुपचूप बोटीने नेतो' म्हणाला तरी जाऊ नये. समुद्राची तेव्हाची अवस्था पाहता तो विषय कायद्याच्याही पलीकडचा आहे. समुद्री कासव, समुद्री घोडा, देवमासा, प्रवाळ यांना जमिनीवरच्या बिबट्याइतकेच संरक्षण आहे. कासव गळाला लागले तर दोरी कापून सोडून द्यावे. जाळ्यात अडकलेला असा प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र शासन नुकसानभरपाई देते.

जमिनीवरच्या जनावरांचा माग काढायची ओढ असेल, तर बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते अनेक अभयारण्यांत पाणवठ्यावर मचाण बांधून हौशी लोकांना प्राणिनिरीक्षणासाठी बसू देते, त्यासाठी नाव नोंदवावे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 साली वेळासला सुरू केलेल्या कासव संवर्धनामुळे आज किनाऱ्यावरच्या अनेक गावांत हिवाळ्यापासून घरटी राखण्याचे काम चालते. त्या कामात रात्री किनाऱ्यावर फिरून वाळूतला माग ओळखणारे लोक लागतात, आणि पूर्वी कासवाची अंडी काढणाऱ्यांतलेच काही पुढे त्यांचे राखणदार झाले.

आता गावाची निवड. जंगल किती जवळ, हा निकष सोडून द्यावा, कारण कोकणात ते सगळीकडेच जवळ आहे. आईंचे वय आणि मुलांचे शिक्षण पाहता तीन गोष्टी पाहाव्यात. रात्री दोन वाजता हृदयविकाराचा झटका आला तर किती वेळात तज्ज्ञापर्यंत पोचता येईल, मे महिन्यात घरातल्या विहिरीला पाणी असते का, आणि मुलीला दहावीनंतर शिकायला कोठे जावे लागेल. या कसोटीवर माझी पहिली पसंती सावंतवाडीला आहे. तेथे उपजिल्हा रुग्णालय आहे, रेल्वेस्थानक जवळ आहे, मोठ्या आजारात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठता येते, आणि आंबोलीचा घाट सुमारे 30 किलोमीटरवर आहे. समुद्र मात्र दारात नाही, वेंगुर्ल्याला जावे लागते. दुसरी पसंती दापोली. 1972 साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठामुळे तेथे बाहेरून आलेल्या शिक्षित कुटुंबांची सवय आहे, बाग लावायची असेल तर रोपे आणि सल्ला हाताशी आहे, हर्णै बंदर जवळ आहे. उणीव अशी की रेल्वे खेडला आहे आणि गंभीर रुग्णाला घाटवळणांतून न्यावे लागते. चिपळूण सोयींत दोन्हींपेक्षा सरस आहे आणि डेरवणचे वालावलकर रुग्णालय तेथून जवळ आहे, पण 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी कोठपर्यंत आले होते हे शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय तेथे घर पाहू नये. भिंतीवरच्या खुणा रंगवून टाकता येतात, शेजाऱ्यांची आठवण राहते. मालवण पर्यटनाच्या हंगामात राहत्या कुटुंबाला दमवते. गुहागर आणि देवगड सुंदर आहेत, पण वृद्ध माणूस घरात असताना मी ती सुचवणार नाही.

जमिनीच्या बाबतीत मला अधिक विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण पुण्या-मुंबईकडच्या पक्षकारांचे सर्वांत मोठे नुकसान येथे होते. तुमच्या कुटुंबाचे नाव कोठल्याही सातबारावर नाही असे तुम्ही लिहिले आहे. तसे असेल तर महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तुम्हाला शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि घेतलीच तर कलम 84क खाली तो व्यवहार अवैध ठरून जमीन शासनाकडे जाऊ शकते. 'शेतकरी दाखला करून देतो' असे सांगणारे दलाल भेटतील. खोटा दाखला वीस वर्षांनीही उघडा पडतो आणि तोवर तुम्ही त्या जमिनीवर घर बांधलेले असते. तुमच्यासाठी दोनच सरळ मार्ग आहेत: बिनशेती झालेला भूखंड किंवा गावठाणातील जुने घर त्याच्या जागेसह. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, कारण जुन्या माणसांनी घर बांधताना पाणी, वारा आणि पुराची पातळी पाहिलेली असते. अशा घराबरोबर परसू असते, चार माड, दोन फणस असतात, आणि हौसेच्या बागेला तेवढे पुरते.

घर असो वा भूखंड, कागद पाहण्याची रीत एकच. कोकणातील सातबारावर बहुधा दहा-वीस नावे सामाईक असतात. त्यांतली निम्मी माणसे मुंबईत, काही हयात नाहीत, आणि वारसांची नोंद झालेली नाही. विकणारा 'बाकीच्यांची संमती आहे' असे मनापासून सांगतो आणि ते बहुतेक वेळा खरेही असते. पण पालखीला सगळे भाऊबंद गावी जमले की एखाद्याला वाटते की आपला हिस्सा स्वस्तात गेला, आणि दाव्याला सुरुवात होते. म्हणून प्रत्येक हिस्सेदाराची सही, किंवा रीतसर वाटप, याशिवाय बयाणा देऊ नये. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचे नाव, वनाची नोंद किंवा हस्तांतरणावर निर्बंध असलेली नोंद आहे का ते पाहावे. 30 ऑगस्ट 1975 रोजी खाजगी वने संपादनाचा कायदा लागू झाला, त्या नोंदी आजही अनेक वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या, जमिनींवर आहेत, आणि रानाला लागून असलेली स्वस्त जमीन विकायला निघाली की हे कारण पहिल्यांदा तपासावे. सिंधुदुर्गात आकारीपड (शेतसारा थकल्यामुळे शासनजमा झालेल्या) आणि आंबोली, गेळे, चौकुळ येथील कबुलायतदार गावकर (संस्थानकाळापासून गावकऱ्यांकडे सामाईक असलेल्या) जमिनी हा वेगळाच विषय आहे. तेथे नवख्याने हात घालू नये. समुद्रालगतच्या ग्रामीण भागात सागरी किनारा नियमांमुळे भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवे बांधकाम बहुतांशी करता येत नाही, आणि खाडीकाठचे अंतर निराळे मोजतात. कांदळवन तोडून जागा मोकळी केलेली दिसली तर तो भूखंड फुकट मिळाला तरी घेऊ नये. शेवटी, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि रस्त्याची खात्री करावी. 'पाखाडीने (पायऱ्यांच्या अरुंद वाटेने) येता येते' हे चालत येण्यापुरते खरे असते, रुग्णवाहिका पाखाडीने येत नाही.

रानाच्या कडेला घर घ्यायचा मोह तुम्हाला होईल, म्हणून हेही सांगतो. तेथे जनावरे बघायला मिळतात तशी ती खायलाही येतात. रानडुकरे एका रात्रीत कंद उकरून टाकतात, माकडे-वानर कोवळे नारळ आणि भाजीपाला ठेवत नाहीत, साळींदर रोपांच्या मुळाशी लागते, आणि 2002 पासून दोडामार्गच्या बाजूला हत्तीही आहेत. नुकसानीची भरपाई मिळते, परंतु त्यासाठी लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो. रानात फिरणाऱ्याने माकडतापाची माहिती ठेवावी. 2016 पासून दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात त्याचे रुग्ण आढळले असून तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचा जोर साधारण जानेवारी ते मे या काळात असतो, म्हणजे नेमका रानात भटकण्याचा हंगाम. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे तांबड्या खडकाच्या उघड्या पठारावर, फुरसे हा विषारी साप सर्रास असतो, त्यामुळे चपला घालून आणि बॅटरी घेऊनच रात्री बाहेर पडावे. साप चावल्यास मांत्रिकाकडे किंवा लहान दवाखान्यात वेळ न घालवता प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. ते कोणते, हे घर घेण्याच्या आधी विचारून ठेवावे. विंचूदंशावरील उपचारांत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे जगभर फरक पडला आणि आज तालुक्याच्या ठिकाणी ते उपचार मिळतात, ही या भागाची जमेची बाजू.

घर विकत घेण्याच्या आधी एक वर्ष भाड्याने राहावे, आणि ते एप्रिलमध्ये सुरू करावे, असा माझा आग्रह असतो. एप्रिल-मे मध्ये पाण्याची खरी स्थिती कळते. जांभा पाणी धरत नाही, त्यामुळे पावसात तुडुंब असलेली विहीर तेव्हा तळ दाखवते. त्यानंतर आगोटीची तयारी, म्हणजे कौले चाळणे, झडीपासून भिंत झाकणे, लाकूडफाटा आणि धान्य भरून ठेवणे, हे शेजाऱ्यांकडून शिकता येते. मग चार महिने असे येतात की कपडे वाळत नाहीत, चामड्याला बुरशी येते, वीज जाते आणि कधीकधी लवकर येत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तुमचे काम इंटरनेटवर अवलंबून असल्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या आणि इन्व्हर्टर हा खर्च धरूनच चालावा. ऑगस्टच्या अखेरीस घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः पत्नीला आणि आईला, येथे राहायचे आहे का, असे वेगवेगळे विचारावे.

मुलांच्या शाळेचा निर्णय बदलाच्या वर्षावर अवलंबून आहे. दहावीच्या निकालात कोकण विभाग सातत्याने राज्यात पुढे असतो, तेव्हा मराठी माध्यमाची चांगली अनुदानित शाळा तालुक्याला मिळेल यात शंका नाही. मुलगी केंद्रीय मंडळाच्या शाळेत असल्यास तिला आठवीच्या आरंभीच हलवावे, नववीत नको. मुलाच्या बाबतीत एक संधी आहे. राजापूर तालुक्यातील पडवे आणि सावंतवाडी तालुक्यातील सांगेली येथे जवाहर नवोदय विद्यालये आहेत. प्रवेश सहावीत होतो, परीक्षेच्या वर्षी पाचवी त्याच जिल्ह्यात चालू असावी लागते, आणि ग्रामीण राखीव जागांसाठी तिसरी, चौथी व पाचवी ग्रामीण भागातील शाळेतच झालेली असावी लागते. मुलगा आज दुसरीत आहे, म्हणजे येत्या जूनला आलात तरच ही अट पूर्ण होईल, आणि त्यासाठी शाळा नगरपरिषदेच्या हद्दीबाहेरची हवी. बाहेरच्या गावी राहून सावंतवाडीला ये-जा करणे म्हणूनच अधिक सोयीचे पडेल.

गावाशी जुळवून घेण्याबाबत एवढेच लिहितो की वर्गणी मागायला आलेल्यांना दारातून परत पाठवू नये, शिमग्यात पालखी दारी आली की उभे राहून स्वागत करावे, आणि कुंपण घालताना पूर्वापार वाट बंद करू नये. नवीन माणसाबद्दलचे पुष्कळसे वाद त्या वाटेवरूनच निघतात.

तुमच्या कुत्र्यांविषयी शेवटी विचारले आहे. ती सोबत आणायला काही हरकत नाही, पण रानात मोकळी सोडू नका. त्यांनी ससा किंवा भेकर पिटाळले आणि तुम्ही मागे उभे असाल, तर ते कायद्याने शिकारच ठरू शकते. दुसरा धोका त्यांना स्वतःला आहे. कोकणातल्या बिबट्याचा वस्तीतला मुख्य आहार कुत्रा हा आहे, आणि तो पडवीत बांधलेले कुत्रेही उचलून नेतो. रात्री त्यांना घरात घ्यावे किंवा चारही बाजूंनी व वरून बंद असलेला मजबूत पिंजरा बांधावा, आणि रेबीजची लस पुण्यातूनच देऊन तिचे कार्ड सोबत आणावे.